दुर्मिळता आणि मूल्य : होन व शिवराई यांच्या संग्रहांचा तुलनात्मक विचार

जुन्या वस्तूंच्या बाजारात 'दुर्मिळ' आणि 'मौल्यवान' हे शब्द समानार्थी मानण्याचा प्रघात आहे. तो कितपत ग्राह्य आहे, याची परीक्षा होन आणि शिवराई या दोन मराठा नाण्यांच्या आधारे उत्तम प्रकारे करता येते. कारण दोहोंवरील मजकूर एकच आहे. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. होन सोन्याचा, वजनाने पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. शिवराई तांब्याची, रोजच्या बाजारहाटाची. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाशी दोन्ही नाण्यांचे नाते जोडले जाते. पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अस्सल शिवकालीन होन आज फार थोडे उरले आहेत. शिवराई मात्र पेशवाईभर पडत राहिली, तीही बहुतांशी शिवछत्रपतींच्याच नावाने. १८१८ नंतरही बराच काळ ती लोकांच्या हातात होती. लेखाच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई ही अशीच उत्तरकालीन. साहजिकच होनाला लाखांचे मोल येते आणि साधी शिवराई आजही सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात राहते.

येथवर बाजाराचा हिशेब चुकीचा वाटत नाही. परंतु संख्येची कमतरता हेच किमतीचे कारण असते काय, हा प्रश्न अमेरिकेतील बेसबॉल-चित्रपत्रांच्या व्यवहाराने चांगला उघड केला आहे. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटल्या गेलेल्या 'टी-२०६' संचातील होनस वॅग्नर या खेळाडूची सुमारे साठच पत्रे ज्ञात आहेत. उलट 'टॉप्स' कंपनीच्या १९५२ च्या संचातील मिकी मँटल याचे पत्र छपाईच्या तावावर दोनदा घेतले गेले होते; म्हणजे शेजारच्या अनेक पत्रांहून ते अधिक छापले गेले. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये वॅग्नरचे एक पत्र साडेबहात्तर लाख डॉलरांना, तर मँटलचे एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना विकले गेले. मँटलचे पत्र जवळजवळ कोरे होते, वॅग्नरचे बरेच झिजलेले, हे खरे. पण मग किंमत ठरते ती नाव, अवस्था आणि संख्या या तिहींच्या मेळातून. संख्या हा त्यांतला केवळ एक घटक होय.

या तुलनेत एक भेद मात्र मोलाचा आहे. 'टॉप्स'च्या पत्रांवर अनुक्रमांक छापलेले असतात. १९५२ चा संच ४०७ पत्रांचा, हे आधीच ठरलेले असल्याने काय उणे आहे ते संग्राहकाला नेमके कळते. शिवराईचा 'पूर्ण संच' असा कोठेच नाही. तिच्यावर ना टांकसाळीचे नाव, ना वर्ष. 'शिव'ऐवजी 'सिव', 'पति'ऐवजी 'पती' अशी लेखनभिन्नता आढळते. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने पूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उमटतो. मुघल बादशहाच्या नावाने पडलेल्या मराठी रुपयांवर निदान बादशहाचे नाव व काही वेळा राज्यवर्ष मिळते. शिवराईच्या बाबतीत तोही आधार नाही. माहेश्वरी आणि विगिन्स यांच्या 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' (१९८९) या ग्रंथाने मराठा नाण्यांच्या अभ्यासाचा पाया घातला. तथापि विशिष्ट शिवराई कोणत्या मुलखात पडली असावी, याचे उत्तर अखेर ती कोठे सापडली आणि तिच्यासोबत कोणती नाणी होती, यावरच अवलंबून राहते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. बारामती तालुक्यातील सुपे आणि इंदापूर हे दोन्ही परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. अठराव्या शतकात पेशव्यांना कर्ज पुरविणारे नाईक सावकार बारामतीचेच. एवढ्या दीर्घ चलनव्यवहाराच्या या प्रदेशात सापडलेली शिवराई आपल्या जागेसह नोंदली गेली, तर ती इतिहासाची साक्ष ठरते. जागा हरवली की तिचे केवळ तांबे उरते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसासाठी सपाट केलेली शेते, उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरल्यावर पळसदेवकडे उघडी पडणारी जमीन, येथे मिळालेल्या पाच-पन्नास तांब्याच्या नाण्यांचा ढीग सराफाकडे गेल्यास तो निवडला जातो. स्पष्ट लेखाची नाणी वेगळी निघतात, उरलेली वजनावर मोडीत जातात. संग्राहकाच्या हाती येते ते चांगले नाणे. अभ्यासकाच्या हातून जातो तो संपूर्ण ढीग.

दहा रुपयांहून अधिक मूल्याची भूमिगत ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातले आहे. परंतु या तरतुदीची भीतीच अधिक पसरली, आणि सापडलेले लपविण्याकडे कल वाढला. याच्या जोडीला होनाच्या प्रतिकृतींचा सुळसुळाट आहे. त्या स्मृतिचिन्हे म्हणून निर्दोष असल्या तरी अस्सल होनाभोवतीचा संशय त्यांनी वाढविला आहे, आणि मोठ्या किमतीच्या आकर्षणाने खोटे नाणे घडविण्याचा उद्योगही होनापाशीच अधिक फोफावतो. साध्या शिवराईची नक्कल करण्यात फारसा लाभ नाही. म्हणून विश्वासार्ह पुराव्याच्या दृष्टीने स्वस्त नाणेच उजवे ठरते. होनांची संख्या मर्यादित आहे आणि ज्ञात नमुन्यांची नोंद बऱ्यापैकी झालेली आहे. शिवराया असंख्य आहेत. सापडल्या जागेच्या नोंदीसह जपलेल्या मात्र अगदी थोड्या, आणि त्या दुर्मिळतेचा रकाना कोणत्याही किंमतपत्रिकेत आढळत नाही.