कानातली दास्तान आणि धावणारा श्रोता

दास्तान ऐकणारा माणूस बसलेला असतो, हे आपण गृहीत धरले आहे. दिल्ली आणि लखनौच्या मैफलींत दास्तानगो बोलत असे आणि श्रोते तक्क्याला टेकून ऐकत. दिल्लीचे अखेरचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले, तोवर ही बैठक मोडलेली नव्हती. पुढे रेडिओ आला, श्रुतिका आली, टेपरेकॉर्डर आला. पण श्रोत्याचे शरीर स्वस्थच राहिले. कथेने त्याचे मन हलवावे, पाय हलवण्याची जबाबदारी कथेवर नव्हती. २०१२ साली लंडनच्या ‘सिक्स टू स्टार्ट’ या संस्थेने ‘झॉम्बीज, रन!’ नावाचे मोबाइल अ‍ॅप काढले आणि ही रीत उलटली. इथे श्रोता धावतो तेव्हाच कथा पुढे जाते. व्यायामाचे साधन म्हणून या अ‍ॅपविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार कथनाचा एक प्रकार म्हणून केला आहे.

या अ‍ॅपचे लेखन नाओमी ऑल्डरमन या ब्रिटिश कादंबरीकर्तीने एड्रियन हॉन यांच्या संस्थेबरोबर उभे केले. लंडनच्या हेन्डन भागातील सनातनी ज्यू समाजात ऑल्डरमन वाढल्या. २००६ साली आलेली त्यांची पहिली कादंबरी ‘डिसओबिडियन्स’ त्याच समाजाविषयी आहे, आणि ‘द पॉवर’ या कादंबरीला २०१७ सालचे विमेन्स प्राइझ मिळाले. धावायला शिकण्यासाठी त्यांनी एका वर्गात नाव घातले होते. तुम्हाला धावायला का शिकायचे आहे, असा प्रश्न तिथे विचारला गेला, तेव्हा झॉम्बींच्या टोळीपासून पळता यावे म्हणून, असे एका बाईने गमतीने उत्तर दिले. त्या उत्तरातून ही कल्पना निघाली. २०११ साली लोकवर्गणीसाठी १२,५०० डॉलर मागितले गेले आणि ७२,००० हून अधिक जमले. धावण्याचा कंटाळा हा किती लोकांचा समाईक अनुभव असावा, हे या आकड्यावरून समजते.

कथा साधी आहे. मेलेली माणसे उठून चालू लागली आहेत, जग कोसळले आहे, आणि इंग्लंडमधील ‘एबल टाउनशिप’ नावाच्या छोट्या वस्तीत काही माणसे कुंपण घालून तग धरून आहेत. श्रोत्याचे हेलिकॉप्टर वस्तीजवळ पाडले जाते. रेडिओवरून सॅम याओ नावाच्या तरुणाचा आवाज ऐकू येतो आणि तो वाट दाखवू लागतो. श्रोत्याला एक नंबर मिळतो : रनर ५. बाहेर जाऊन औषधे, अन्न, बातम्या आणणे हे या धावकांचे काम. धावणारा माणूस कानात हा प्रसंग ऐकतो, मग त्याच्याच फोनमधले गाणे लागते, गाणे संपले की पुढचा प्रसंग येतो. वाटेत आपोआप वस्तू सापडत जातात. घरी आल्यावर त्यांतून वस्तीचा दवाखाना, शेत, घरे वाढवता येतात. मधूनच इशारा मिळतो की झॉम्बी मागे लागले आहेत, आणि मग काही काळ वेग वाढवावा लागतो.

दास्तानीच्या वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. अमीर हमजाच्या दास्तानीतला अमर अय्यार हाही मुळात धावणारा. त्याच्या पायांना थकवा नाही, आणि त्याच्या जंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, दुनियेतली वाटेल ती वस्तू मावते. रनर ५ च्या अदृश्य पिशवीत पाण्याच्या बाटल्या, डब्यातले अन्न, बॅटऱ्या, कपडे पडत जातात, तेव्हा जंबील आठवल्याशिवाय राहत नाही. कथा तोडण्याची युक्तीही जुनीच. शहरजाद पहाट होताच ऐन रंगात आलेली गोष्ट थांबवते. इथे पहाटेचे काम गाणे करते. गोष्ट अडलेली असते, गाणे चालू असते, आणि पुढचा आवाज ऐकायचा तर पाय थांबवून चालत नाही. फरक एवढाच की शहरजादच्या गोष्टीत सांगणारीचा जीव टांगणीला आहे आणि या गोष्टीत ऐकणाऱ्याचा.

मात्र खरी गंमत या युक्त्यांत नाही. व्यायामाच्या अ‍ॅप्सनी आजवर माणसाला गुण दिले, बिल्ले दिले, शेजाऱ्याशी स्पर्धा दिली. मोजमापाने उत्साह येतो खरा, पण तो लवकर ओसरतो, कारण आपण आज गेलो नाही तर त्या आकड्याचे काही बिघडत नाही. स्वतः हॉन यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या गुण-बिल्ल्यांच्या व्यवहारावर, विशेषतः कंपन्या कामगारांना खेळाच्या नावाखाली कसे जुंपतात यावर, कठोर टीका केली आहे. ‘झॉम्बीज, रन!’मध्येही मोजमाप आहे. पण श्रोत्याला घराबाहेर काढतो तो सॅमचा आवाज. तो घाबरतो, विनोद करतो, बडबडतो, गप्प होतो. दार उघडे ठेवून कुणी आपली वाट पाहत आहे आणि आपण नेणारे औषध कुणाला तरी हवे आहे, ही भावना तो पेरतो. माणूस स्वतःच्या वजनासाठी पाच दिवस धावेल. सहाव्या दिवशी धावायला दुसऱ्याची गरज लागते. कथनकलेचे हे जुने शहाणपण या अ‍ॅपने नेमके ओळखले आहे.

दुसरे यश रनर ५ च्या घडणीत आहे. हे पात्र कधीच बोलत नाही. त्याला चेहरा नाही, जात-धर्म नाही, आणि ते पुरुष की स्त्री हेही सांगितलेले नाही. सगळे त्याच्याशी बोलतात. ही रिकामी जागा श्रोत्याने भरायची. पाश्चात्य साहसकथांत आपल्यासारख्या नावाचा माणूस बहुधा एक तर दुकानदार असतो किंवा संशयित. इथे नावच विचारले जात नाही, त्यामुळे बुरख्यातली मुलगी, साठीचे चाचा, लंगडत चालणारा कुणीही नायकाच्या जागी उभा राहू शकतो. अ‍ॅपचा वेगाचा हिशेबही या उदारपणाला धरून आहे. झॉम्बींपासून सुटण्यासाठी श्रोत्याने स्वतःच्याच वेगापेक्षा थोडे अधिक जोरात जायचे असते, दुसऱ्या कुणाच्या नव्हे. गच्चीवर फेऱ्या मारणारी गृहिणीसुद्धा जिंकू शकते.

मराठीत असे काही करायचे झाले तर पहिली अडचण व्याकरणाची येईल. इंग्रजीतल्या ‘यू’ला लिंग नाही. आपल्याकडे ‘तू आलास’ म्हटले की मुलगी कथेबाहेर गेली आणि ‘तू आलीस’ म्हटले की मुलगा. उर्दूचीही तीच गत. मराठी लेखकाला आज्ञार्थावर भागवावे लागेल : पळ, वळ, थांब, ऐक. नाहीतर ‘तुम्ही आलात’ची अदब स्वीकारावी लागेल, आणि मग सॅमची सलगी जाईल. श्रोत्याला नायक करणे ही घोषणा सोपी, पण ती क्रियापदापर्यंत निभवावी लागते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. मागून कुणी येत आहे ही कल्पना ज्याला खेळ वाटते, तो बहुधा पुरुष असतो. फजरच्या सुमारास एकटी चालायला निघालेली बाई दोन्ही कान उघडे ठेवून चालते, आणि तिच्या मागची पावले तिला गंमत वाटत नाहीत. पाठलागाचा भाग बंद करण्याची सोय अ‍ॅपमध्ये आहे, घरातल्या यंत्रावर चालतानाही कथा ऐकता येते, हे खरे. पण ही सोय झाली, उत्तर नव्हे. भीतीला मजा बनवता येण्यासाठी आधी रस्ता निर्भय असावा लागतो.

आता या कथेच्या सर्वांत अवघड जागेकडे येऊ. वस्तीला कुंपण आहे. कुंपणाच्या आत माणसे, बाहेर टोळी. टोळीला नाव नाही, भाषा नाही, तिच्याशी बोलणे शक्य नाही. तिच्यापासून पळायचे किंवा तिला संपवायचे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडून मुंब्र्याला वस्तीला गेलेल्या कुटुंबातला श्रोता ही मांडणी निर्धास्तपणे ऐकू शकणार नाही. कुंपणाच्या आत आसरा शोधणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक आहे. आणि बाहेरच्या लोकांच्या बोलण्यात आपण स्वतःच ती बिनचेहऱ्याची टोळी असतो, हेही ठाऊक आहे. धावताना तो कोणाच्या बाजूने धावतो?

झॉम्बीचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. ही कल्पना हैतीची. तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवले जाई, आणि मेल्यावरही कुणी उठवून पुन्हा कामाला जुंपील ही त्यांची भीती होती. झॉम्बी हा मुळात शोषित. १९६८ साली जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाने त्याला माणसे खाणाऱ्या झुंडीचे आजचे रूप दिले. त्या चित्रपटात झॉम्बी हा शब्द येत नाही. तिथे त्या मढ्यांना ‘घूल’ म्हटले आहे, आणि हा शब्द इंग्रजीत अरबीतून गेला आहे. ज्याच्यावर जुलूम झाला त्याचेच भूत करून त्याला भ्यायचे, हा जुना व्यवहार आहे, आणि हे अ‍ॅप त्याच्या आयत्या साच्यावर उभे आहे.

ऑल्डरमन यांना याची जाण असावी असे वाटण्याजोगी एक जागा कथेच्या सुरुवातीलाच आहे. श्रोत्याला मिळालेला ५ हा नंबर आधी एका मुलीचा होता. ती कामगिरीवर गेली आणि परतली नाही. पहिल्याच फेरीत सॅमला ती दिसते, आता टोळीतली एक होऊन. तिचे नाव अ‍ॅलिस. ज्या आवाजाने क्षणापूर्वी वेग वाढवायला सांगितले, तो आवाज चाचरतो. श्रोत्याच्या ध्यानात येते की मागून येणारे मढे काल याच दाराने आत यायचे, याच आवाजाला ओळखायचे. टोळीतल्या एकाला नाव मिळाले की टोळी उरत नाही. माझ्या मते या अवाढव्य कथेतला साहित्य म्हणता येईल असा हा सर्वांत खरा क्षण आहे. दुःख एवढेच की कथा या क्षणी थांबत नाही. थांबू शकत नाही, कारण श्रोत्याला पळवायचे आहे. एका अ‍ॅलिसला नाव मिळते, बाकीचे पुन्हा निनावी होतात. माध्यमाची गरज आणि कथेचा विवेक यांची इथे टक्कर होते आणि माध्यम जिंकते.

तरीही हा प्रयोग मोलाचा आहे. ज्या माणसाला व्यायाम ही शिक्षा वाटते, त्याला तो कथेच्या ओढीने रस्त्यावर आणतो, आणि वाचणे सुटलेल्या पिढीला अर्धा तास एकाग्र होऊन ऐकायला लावतो. आपल्याकडे किस्से आहेत, दास्तानी आहेत, पोवाडे आहेत, सांगणारे गळे आहेत. फोनही हातोहाती आहे. उद्या कुणी मराठीत धावणाऱ्याच्या कानात गोष्ट सांगायला बसेल, तेव्हा त्याने सॅमकडून वाट पाहणारा आवाज जरूर घ्यावा, पण कुंपण उसने घेऊ नये. मागे लागलेल्या भीतीइतकीच पुढची ओढही माणसाला पळवते. अमर अय्यार शत्रूपासून पळाला तसा हमजाचा निरोप घेऊनही पळाला. निरोप पोचवण्यासाठी धावणारा नायक आपल्या दास्तानीत तयारच आहे. त्याच्या मागे मढी लावण्याची गरज नाही.