नूतन घरी जाते तेव्हा

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) मी पहिल्यांदा अंबडच्या घरी मोबाइलवर पाहिला आणि सरकारी वकील नूतनला लगेच खलनायिका ठरवून मोकळा झालो. लोकशाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप. आणि ही बाई निर्विकारपणे कलमं वाचत राहते.

मग कॅमेरा तिच्याबरोबर लोकलमध्ये बसतो, स्वयंपाकघरात उभा राहतो. गीतांजली कुलकर्णींनी तिला इतकं साधं ठेवलंय की राग ओसरतो. पण ताम्हाणे तिथे थांबत नाहीत. सुट्टीच्या दिवशी ती सहकुटुंब नाटकाला जाते. परप्रांतीय मुलाला घराबाहेर काढलं जातं आणि प्रेक्षक खूश होतात. घर पाहिलं की माणूस कळतो. त्याची चूक मात्र पुसली जात नाही.

वासुदेवची बायको साक्षीत सांगते : उतरण्याआधी तो गटारात खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तरच आत जायचा. मरायला निघालेला माणूस खडा कशाला टाकेल? हे कोर्टाला दिसत नाही, कारण तिथल्या कोणीच गटारात वाकून पाहिलेलं नसतं.

त्या प्रेक्षकांना मी नावं ठेवणार होतो. तेवढ्यात एमआयडीसीतली शिफ्ट सुटली. गल्लीतून हिंदी बोलत कामगार निघाले. त्या सगळ्यांना आमच्याकडे एकच नाव आहे : ‘भैये’. मीही तेच वापरतो.