निःशब्द ‘संसार’ आणि दुःखाचे कारण

अमेरिकी दिग्दर्शक रॉन फ्रिक यांचा ‘संसार’ (२०११) हा माहितीपट २५ देशांत चित्रित झाला. त्यात निवेदन नाही, संवाद नाही. लडाखमधील ठिकसे येथील भिक्खू रंगीत वाळूचे मंडल रेखाटतात व अखेरीस स्वहस्ते पुसून टाकतात. अनित्यतेचे इतके प्रत्ययकारी दर्शन पडद्यावर क्वचितच घडते. देशोदेशींचे चेहरे थेट आपणांकडे पाहतात. त्यांतील मैत्रीभाव आम्हांस मोलाचा वाटतो.

तथापि इंडोनेशियातील गंधकाच्या खाणीतून कावड वाहणारा मजूरही त्याच शांततेत दाखविला की, त्याचे दुःख निसर्गनियम भासू लागते. सांगलीच्या हळदपेठेचे असे चित्रण झाले तर पिवळा रंग दिसेल. पोते वाहणाऱ्या हमालाची मजुरी दिसणार नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात दुःखाच्या स्वीकाराबरोबरच त्याच्या निवारणास धम्माचा पाया मानले आहे. मंडलदेखील आपोआप पुसले जात नाही. त्यास माणसाचा हात लागतो. विषमतेचेही तसेच आहे.

हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र तो जेथे मौन धरतो, तेथे आपण विचारावे: हे दुःख कोणत्या कारणाने?