अध्यक्षाविना सभा

मराठी माणसाला व्याख्यानाचे जुनेच वेड आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून उन्हाळा म्हटला की आंबे, लग्ने आणि व्याख्याने असे समीकरणच होऊन बसले. पुढे गावोगावी तशा माला निघाल्या. वक्ता तास-दीड तास बोले, टेबलावर पाण्याचा तांब्या असे, मागच्या रांगेत एखादे गृहस्थ सुखाने डुलक्या घेत, आणि शेवटी अध्यक्ष उठून समारोप करीत. या अध्यक्षांची आपण पुष्कळ थट्टा केली आहे. परंतु त्यांच्या हाती एक मोठा अधिकार असे: वक्त्याच्या देखत, त्याच्याच श्रोत्यांसमोर, ‘पाहुण्यांचे हे म्हणणे मला पटले नाही’ असे सांगण्याचा. पुढच्या मजकुरात हे अध्यक्ष पुन्हा भेटणार आहेत, म्हणून त्यांना आधीच नमस्कार करून ठेवतो.

आता या व्याख्यानाला एक धाकटे भावंड झाले आहे. वय लहान, अंगाने आटोपशीर आणि भलतेच लोकप्रिय. अमेरिकेत १९८४ साली ‘टेड’ नावाची परिषद भरली. तंत्रज्ञान, करमणूक आणि रचना या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. पुढे तिथे प्रघात पडला की कितीही मोठा वक्ता असो, अठरा मिनिटांच्या वर बोलायचे नाही. २००६ पासून ही भाषणे इंटरनेटवर सर्वांना फुकट ऐकता येऊ लागली, आणि २००९ पासून ‘टेडेक्स’ या नावाने परवाना घेऊन गावोगावच्या लोकांना आपापल्या सभा भरविता येऊ लागल्या. वक्त्याला मानधन द्यायचे नाही, असा त्यांचा नियम आहे. आपल्याकडच्या कॉलेजांतून अशा सभा होतात. २०१७ च्या डिसेंबरात शाहरुख खान यांनी हिंदीतून दूरचित्रवाणीवर हाच प्रयोग घरोघर नेला. मराठीत २०१४ च्या सुमारास मुंबईकडे सुरू झालेल्या ‘स्वयं टॉक्स’ने हीच वाट आपल्या भाषेतून चालून दाखविली. आमच्या गुलमंडीवर दिवाळीच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. पण दुपारी गिऱ्हाईक ओसरले की कापडाच्या दुकानातला पोऱ्या ठाणांच्या घड्या घालता घालता काउंटरवरच्या मोबाईलवर अशीच भाषणे ऐकत असतो. विषय बहुधा तीनच: नवे यंत्र, नवी कल्पना आणि स्वतःला कसे घडवावे.

त्या पोऱ्याला हसण्याचा विचार माझ्या मनात येत नाही. मी स्वतः मॅट्रिकवर थांबलेला माणूस. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही, त्यांना ही भाषणे म्हणजे दारात आलेले कॉलेजच आहे. म्हणूनच त्यांची परीक्षा लेच्यापेच्या मनाने करून भागणार नाही. फुकट मिळते म्हणून दूध पाणचट चालत नाही; लहान मूल त्यावरच वाढणार असेल तर मुळीच नाही.

हा प्रकार लहान आहे ही काही माझी तक्रार नव्हे. गुलमंडीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पैठण आहे. तिथल्या एकनाथांनी विंचवावर, जोगव्यावर, बाजारात आणि अंगणात दिसणाऱ्या असंख्य सोंगांवर भारुडे रचली. एकेक भारूड काही मिनिटांत संपते, आणि गावच्या गाव ते शतकानुशतके जवळ बाळगते. त्यात नाथ स्वतः कुठे आहेत? ते कधी आंधळ्याच्या, कधी बहिऱ्याच्या, कधी गोंधळ्याच्या तोंडून बोलतात. एवढा मोठा पंडित, पण मंचावर ‘मी’ म्हणून उभा राहत नाही.

उलट, या नव्या भाषणाचा सारा प्राण ‘मी’ हाच. ते कसे, हे कीर्तनाशी ताडून पाहिले म्हणजे स्पष्ट होते. आपल्या नारदीय कीर्तनाची चाल सर्वांना ठाऊक आहे. आधी नमन, मग मूळ अभंग, त्यावर निरूपण, तो पूर्वरंग. मध्ये बुक्का लागतो, श्रोते जरा सावरून बसतात, आणि उत्तररंगात आख्यान सुरू होते. शेवटी बुवा पुन्हा मूळ अभंगावर येतात. नव्या भाषणाने नमनाचे घडाभर तेल वाचविले, हे उत्तमच केले. आख्यान त्याने अगदी आरंभी आणले: वक्ता येतो आणि थेट आपल्या बालपणीच्या, अपघाताच्या किंवा नापास झाल्याच्या गोष्टीला हात घालतो. यातही वावगे काही नाही. पण मूळ अभंग? तो नाहीच. कीर्तनातला अभंग श्रोत्यालाही पाठ असतो. बुवा वाट चुकले तर समोरची आजीबाई मनातल्या मनात त्यांना रस्त्यावर आणते. तो अभंग बुवांचा नसतो, त्यांना तो बदलता येत नाही. इथे वक्त्याचे आयुष्य हाच अभंग, तेच निरूपण आणि दाखलाही तेच. ताडून पाहायला श्रोत्याच्या हाती काही उरत नाही. पटले तर टाळ्या, नाही पटले तरी सभ्यपणाच्या टाळ्या.

आता प्रत्यक्ष भाषणांकडे वळू. या साऱ्यांत सर्वांत गाजलेल्यांपैकी एक आमच्या धंद्यावरच आहे. केन रॉबिन्सन यांचे, २००६ सालचे. शाळा मुलांची सर्जनशक्ती मारतात काय, असा त्याचा विषय. भाषण म्हणून ते अप्रतिमच आहे. रॉबिन्सन (ते २०२० साली वारले) पायाने किंचित अधू होते, आवाज मुळीच चढवीत नसत, आणि विनोद असे सहज करीत की आपण फसत आहोत की शिकत आहोत हे कळू नये. त्यांनी सांगितलेली जिलियन लिन या नर्तकीची गोष्ट तर कोणीही विसरणार नाही. १९३०च्या दशकातली ही मुलगी वर्गात स्वस्थ बसेना. शाळेने घरी कळविले की हिच्यात काहीतरी दोष आहे. आई तिला तज्ज्ञाकडे घेऊन गेली. त्याने खोलीत रेडिओ लावून ठेवला, आईला बाहेर नेले, आणि दोघांनी पाहिले तो मुलगी नाचते आहे. हिला आजार नाही, ही नर्तकी आहे, हिला नृत्याच्या शाळेत घाला, असे त्याने सांगितले. पुढे याच मुलीने ‘कॅट्स’सारख्या जगप्रसिद्ध संगीतिकेचे नृत्यदिग्दर्शन केले.

ही गोष्ट मी एकदा आमच्या पालकसभेत सांगितली. सांगण्याची हौस मलाही आहेच. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला ती असतेच. गोष्ट रंगली. मग मागे बसलेल्या, ब्लाउज शिवून घर चालविणाऱ्या एका बाईंनी विचारले, “ती नाचली म्हणून तिचं भलं झालं, गुरुजी. पण जी नुसतीच चुळबुळ करते आणि रेडिओ लावला तरी नाचत नाही, तिला कुठल्या शाळेत घालायचं?”

मला वाटते, रॉबिन्सन यांच्या भाषणावरची याहून नेमकी टीका मी कुठे ऐकलेली नाही. प्रत्येक चुळबुळ्या मुलाच्या आत एक दडलेली नर्तकी असते, हे ऐकायला गोड आहे. आमच्या वर्गातली बहुतेक मुले मात्र मधल्या वाटेवरची असतात. त्यांना गणित थोडे येते, चित्र थोडे येते, घरी धाकटे भावंड सांभाळायचे असते. त्यांच्यासाठी शाळा कशी असावी, हा खरा कठीण प्रश्न. आणि अठरा मिनिटांत नेमका तोच बाहेर राहतो, कारण त्याला आख्यान नाही. रॉबिन्सन यांनी त्यावर पुस्तकांतून लिहिले, हे खरे. पण पुस्तकापर्यंत जाणारे किती आणि भाषणावर थांबणारे किती?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१२ साली एमी कडी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सांगितले की मुलाखतीपूर्वी दोन मिनिटे कमरेवर हात ठेवून ऐटीत उभे राहा. शरीरातली संप्रेरकेसुद्धा बदलतात आणि धीर येतो. लक्षावधी लोकांनी ते ऐकले. आधार होता तो २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या ४२ माणसांवर केलेल्या प्रयोगाचा. २०१५ साली दुसऱ्या संशोधकांनी २०० माणसांवर तो प्रयोग करून पाहिला. ऐटीत उभे राहिलेल्यांना जरा बळ आल्यासारखे वाटले खरे, पण संप्रेरकांत काही फरक आढळला नाही. २०१६ साली तर मूळ निबंधातल्या सहलेखिका डेना कार्नी यांनीच जाहीर केले की या परिणामावर आता आपला विश्वास नाही. कडी यांनी आपली बाजू पुढेही मांडली. विद्वानांचे वाद असेच चालायचे, चालावेतही. पुढे त्या भाषणासोबत एक सावधगिरीची टीपही जोडली गेली. पण टाळ्या भाषणाला पडतात, टीपेला कोण विचारतो? इथे मला आमच्या त्या डगलेवाल्या अध्यक्षांची फार आठवण होते. ‘पाहुण्यांनी सांगितलेला प्रयोग किती माणसांवर केला होता?’ एवढा एकच प्रश्न ते उभे राहून विचारते, तर सभेचा रंग थोडा उतरला असता. पण मंडळी शहाणी होऊन घरी गेली असती.

गाडगेबाबांना तर अध्यक्षाचीही गरज नव्हती. ते कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. एकामागून एक असे साधे प्रश्न येत, आणि समुदाय मोठ्याने उत्तर देत जाई; शेवटचे उत्तर आपल्याच तोंडून निघाले की मग त्यातून सुटका नसे. १९५६ साली ते गेले. हातात खराटा घेऊन आलेल्या त्या निरक्षर म्हणविणाऱ्या माणसाने सभा दोन्ही बाजूंनी बोलती ठेवली. आजच्या झगमगत्या मंचावर वक्त्यावर दिवा असतो आणि श्रोते अंधारात असतात, ही मांडणीच मला पुष्कळ काही सांगून जाते. स्वयं टॉक्सच्या काही कार्यक्रमांत भाषणानंतर वक्त्याची मुलाखतही घेतली गेली. त्यामुळे अंधाराच्या बाजूने निदान एक आवाज तरी उठला. मराठी सभेची जुनी खोड अशी सहज डोके वर काढते, याचे मला बरे वाटते.

सुगत मित्र यांचा मामला जरा गुंतागुंतीचा आहे. १९९९ साली त्यांनी दिल्लीत कालकाजी येथे एका भिंतीत संगणक बसविला. झोपडपट्टीतली मुले तो आपली आपण चालवायला शिकली. २०१३ साली त्यांना टेडचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि त्यातून जी थोडी केंद्रे निघाली, त्यांतले एक आपल्या फलटणला होते. भाषण ऐकताना वाटते की मास्तर बाजूला झाला की मुले आपोआप शिकतात. (असे ऐकले की आमच्यासारख्यांना पगाराची काळजी वाटते, ती सोडून देऊ.) पण फलटणचे केंद्र ज्या शाळेच्या आधाराने उभे राहिले, ती होती मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची. अमेरिकेतून येऊन फलटणकर झालेल्या या बाईंनी आणि त्यांच्या शिक्षकांनी मराठी मुलांना नीट वाचता यावे म्हणून वर्षानुवर्षे अक्षरश: एकेका अक्षराचा विचार केला होता. जे मूल वाचू शकते, तेच संगणकाला काही विचारू शकते आणि आलेले उत्तर पारखू शकते. शिवाय मित्र यांनी मुलांशी संगणकावरून बोलायला विलायतेतल्या प्रौढ बायका-पुरुषांचा एक ताफाच जमविला, आणि त्याला नाव दिले आज्यांचे. म्हणजे वडीलधारे माणूस हवेच होते! ते शिकवीत नसले तरी कौतुकाने ‘पुढे काय झालं?’ म्हणून विचारीत होते. यंत्राची गोष्ट सांगितली गेली. अक्षरे गिरवून घेणाऱ्या शिक्षकांची गोष्ट भाषणात मावली नाही.

आणि तरीही या प्रकारात एक भाषण असे आहे की त्यापुढे माझी सारी टीका निमूट खाली बसते. ते अरविंद गुप्तांचे. कानपूरच्या आय. आय. टी. मधून इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादकडे खेड्यातल्या मुलांच्या विज्ञानशिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या बाजारात त्यांना सायकलची वालट्यूब दिसली. तिचे बोटभर तुकडे कापून त्यांनी काड्यापेटीच्या काड्या जोडल्या. तीन काड्यांचा त्रिकोण केला की तो दाबूनही हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र एका बोटाने कलंडून तिरपा होतो. पूल, छपरे, विजेचे मनोरे यांत त्रिकोण का भरलेले असतात, हे मग सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या आयुकात बसून त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली आणि ती कशी करायची हे सर्वांसाठी खुले करून ठेवले.

त्यांच्या भाषणात ‘मी’ फार थोडा येतो. हात सारखे काहीतरी करीत असतात: स्ट्रॉ कापली, बासरी झाली, कागद दुमडला, तो फिरू लागला. वस्तू समोर आहे, खोटे बोलण्याची सोयच नाही. त्रिकोण हलला तर वक्ता हरला, आणि ही परीक्षा घ्यायला सातवीतली पोरही समर्थ आहे. कीर्तनातल्या मूळ अभंगाची जागा इथे त्या दोन पैशांच्या नळीने घेतली आहे.

ते भाषण ऐकल्यावर मी पैठणगेटकडच्या एका सायकलच्या दुकानातून वालट्यूब मोजून आणली आणि वर्गात वाटली. काड्यांची टोके आधी घासून गूल काढून टाकावे, एवढे दिवाळीच्या दिवसांत आयांना आवर्जून सांगतो. पहिल्या तासात सर्वांचे त्रिकोण झाले. दुसऱ्या तासाला एका मुलीने विचारले की चौकोनात आडवी एक काडी टाकली तर तो ताठ उभा राहतो, मग पंचकोनाला किती काड्या लागतील? आम्ही करून पाहिले. दोन लागल्या. षट्कोनाला तीन. सप्तकोनाचे करता करता घंटा झाली आणि काड्या संपल्या.