आकड्याला पत्ता हवा

गेल्या वर्षी श्रावणात, एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावात, मी एका कारखान्याचा 'शाश्वतता अहवाल' वाचून दाखवला. कारखान्याने तो स्वतःहून काढला होता. तसे कायद्याचे बंधन नव्हते. गावाचे आणि कारखान्याचे नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका कारखान्याचा नाही. अहवाल इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर छापलेला. वृक्षारोपणाची छायाचित्रे, शाळेला दिलेले संगणक आणि 'प्रतिटन पाणीवापरात घट' दाखवणारा उतरता आलेख. मी एकेक पान मराठीत सांगत गेले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या तात्यांनी शेवटी एवढेच विचारले, "ताई, यात आमचा ओढा कुठंय?"

मी पुन्हा पाने चाळली. ओढा नव्हता.

गेली काही वर्षे मी असे अहवाल जमवून वाचते आहे. हा आता एक लेखनप्रकारच झाला आहे. त्याचे संकेत ठरलेले आहेत: आरंभी वरिष्ठांचे मनोगत, मग हिरवी छायाचित्रे, मग आलेख, शेवटी पुढील संकल्प. लेखनप्रकार म्हटला की समीक्षाही आली. आणि त्या समीक्षेचा पहिला निकष, माझ्या मते, तात्यांचा प्रश्न हाच आहे.

आधी थोडा इतिहास. कारखान्याने आपल्या कुंपणाबाहेर काय सोडले हे शेजाऱ्याला कळले पाहिजे, या कल्पनेला कायद्याचे बळ मिळाले त्यामागे आपल्याच देशातील एक रात्र आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले. पुढच्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, इन्स्टिट्यूट नावाच्या गावी, त्याच कंपनीच्या कारखान्यातून वायुगळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. १९८६ साली तिथे कायदा झाला. त्यातून 'टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी' ही नोंदवही जन्मली. ठरावीक रसायने वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याने हवेत, पाण्यात, जमिनीत काय सोडले याचा वार्षिक आकडा द्यायचा आणि तो सर्वांसाठी खुला. पहिले आकडे १९८७ या वर्षाचे होते. हिशेब कंपनीवार नव्हता, कारखानावार होता. प्रत्येक आकड्याला पत्ता होता.

याच सुमारास स्वेच्छेची चळवळही उभी राहिली. रासायनिक उद्योगाने १९८५ मध्ये कॅनडात 'रिस्पॉन्सिबल केअर' हा उपक्रम सुरू केला आणि तो पुढे अमेरिकेत व इतरत्र पसरला. सरकारी सक्ती नको, आम्हीच आमची आचारसंहिता पाळू, असा त्याचा आशय. अँड्र्यू किंग आणि मायकेल लेनॉक्स या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील सभासद कंपन्या तपासल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष गैरसोयीचा होता: सभासद कंपन्यांची सुधारणा बिगरसभासदांपेक्षा सावकाश झाली होती.

माझ्यासाठी या निष्कर्षाहून तो कसा काढता आला हे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांच्या हाताशी सक्तीच्या नोंदवहीतले कारखानावार आकडे होते. ते नसते, तर शपथेची तुलना शपथेशीच करावी लागली असती. स्वेच्छेचे सोने पारखायला सक्तीची कसोटी लागते. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच.

म्हणून स्वेच्छेचा अहवाल निरर्थक ठरतो का? नाही. युरोपीय समुदायाने १९९३ मध्ये 'ईमास' ही योजना आणली. भाग घेणे ऐच्छिक, पण भाग घेतला की नियम कडक. पर्यावरणाचे निवेदन जाहीर करायचे आणि ते स्वतंत्र पडताळणीकाराकडून तपासून घ्यायचे. सुरुवातीला नोंदणी एकेका कारखान्याच्या जागेची होती. २००१ च्या सुधारणेने ती संस्थेची झाली. २००९ च्या सुधारणेतील एक अट मला फार शहाणी वाटते. पाणी, ऊर्जा, कचरा यांच्या प्रत्येक निर्देशांकासाठी तीन आकडे द्यायचे: एकूण वापर, एकूण उत्पादन आणि त्यांचे गुणोत्तर. नुसते गुणोत्तर चालत नाही.

ही अट का हवी, हे साध्या हिशेबाने कळेल. समजा, एका कारखान्याने पहिल्या वर्षी १०,००० टन माल काढला आणि टनाला १० घनमीटर पाणी वापरले. एकूण पाणी १,००,००० घनमीटर. दुसऱ्या वर्षी टनाला ८ घनमीटरच लागले, पण माल काढला १५,००० टन. एकूण पाणी १,२०,००० घनमीटर. आलेख वीस टक्क्यांनी खाली गेला, पाण्याचा उपसा वीस टक्क्यांनी वर. दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र पहिले भागधारकाच्या कामाचे आहे आणि दुसरे ओढ्याकाठच्या माणसाच्या. अहवालात कोणते छापले, यावरून तो कोणासाठी लिहिला हे कळते.

आता आपल्याकडे येऊ. सेबीने २०२१ मध्ये 'बीआरएसआर' हा अहवालाचा नमुना आणला आणि २०२२-२३ पासून तो बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केला. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. कंपनीचा सगळ्या कारखान्यांचा मिळून पाणीवापर देणे सक्तीचे. त्याचे गुणोत्तर उलाढालीच्या रुपयाशीही काढायचे, म्हणजे मालाची किंमत वाढली की एक थेंब न वाचवता पाणीवापर 'सुधारतो'. पाणीटंचाईच्या भागातील प्रत्येक कारखान्याने किती पाणी घेतले आणि किती सोडले, हा प्रश्नही नमुन्यात आहे. पण तो आहे 'नेतृत्वदर्शक' निर्देशांकांत, म्हणजे ऐच्छिक भागात. ज्या प्रश्नात गावाचे नाव येते, नेमका तोच स्वेच्छेवर सोडलेला आहे.

दुसऱ्या टोकालाही असेच होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरच्या औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले, देशात सर्वाधिक. हा आकडा सगळ्या वसाहतीचा. कंपनीच्या बेरजेत गाव हरवते, वसाहतीच्या बेरजेत कारखाना हरवतो. जबाबदारी आणि जागा ही दोन्ही एकत्र सापडतात ती एकेका कारखान्याच्या पातळीवरच. जागतिक अहवाललेखनाचा 'जीआरआय' हा साचा १९९७ मध्ये उभा करणाऱ्या सेरेस आणि टेलस या बॉस्टनच्या संस्थांनी नंतर एकेका कारखान्यासाठी वेगळी मार्गदर्शिका करायला घेतली, ती हीच उणीव जाणवून, असे मी मानते.

गंमत अशी, की आपल्याकडे कारखानावार कागद १९९२ पासून आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांतील नियम १४ नुसार, पाणी किंवा हवा कायद्याखाली संमतिपत्र लागणाऱ्या कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत राज्य मंडळाकडे पर्यावरण विवरण द्यायचे. तो 'फॉर्म पाच'. त्यात 'ए' ते 'आय' असे नऊ भाग. 'बी' मध्ये प्रक्रियेसाठी, थंड करण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी रोज किती पाणी लागले ते. 'सी' मध्ये कोणते प्रदूषक रोज किती सोडले आणि मर्यादेपासून किती फरक पडला, कारणासह. 'डी' मध्ये घातक कचरा. चित्र नाही, मनोगत नाही. लेखनप्रकार म्हणून अत्यंत रुक्ष, आणि म्हणूनच वाचनीय.

पर्यावरण मंजुरी घेतलेल्या कारखान्यांना हे विवरण संकेतस्थळावर टाकण्याची अट सामान्यतः असते. पण ते बहुधा तिरक्या, पुसट प्रतींच्या रूपात, प्रत्येकाचे वेगळ्या कोपऱ्यात. ज्यांना फक्त संमतिपत्र पुरते, त्यांचे विवरण मंडळाच्या दप्तरात जाते. शेजारच्या दोन कारखान्यांची तुलना करायची तर माहिती अधिकाराचे अर्ज करत बसावे लागते. राज्याच्या मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना धूलिकणांच्या मोजणीवरून एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करायला सुरुवात केली. ते पाऊल योग्य दिशेचे होते, पण तारा धुराड्यापुरता. ओढ्याला तारा नाही.

या विषयावर एका कारखान्याच्या व्यवस्थापकांशी बोलणे झाले. ते म्हणाले, "मॅडम, खरं लिहिलं तर नोटीस आम्हालाच. शेजारचा काहीच लिहीत नाही, तो सुखात." त्यांचे म्हणणे मला पटले. स्वेच्छेच्या व्यवस्थेत जो लिहितो तो सापडतो आणि जो गप्प बसतो तो सुटतो. मग शहाणा माणूस झाडांची छायाचित्रे छापतो. सर्वांचे आकडे सक्तीने, एकाच ठिकाणी, एकाच साच्यात उघडे असतील तर प्रामाणिक कारखान्याची भीती जाईल. त्यावर मग स्वेच्छेने आणखी लिहावे, जे कायदा विचारत नाही ते: रात्रीच्या वासाच्या तक्रारी किती आल्या, कंत्राटी कामगार किती आजारी पडले, कोणता अपघात थोडक्यात टळला. स्वेच्छेचे खरे क्षेत्र ते आहे. तसा अहवाल मला अजून वाचायला मिळालेला नाही. मिळाला तर मी त्याचे कौतुक करीन.

तात्यांच्या प्रश्नानंतर मी त्या कारखान्याचा फॉर्म पाच शोधला. तो संकेतस्थळावर होता. अहवालातला आलेख खोटा नव्हता. प्रतिटन पाणी घटले होते. रोजचे एकूण पाणी मात्र वाढले होते. भाग 'सी' मध्ये मर्यादेपासूनच्या फरकाच्या रकान्यात 'निरंक' लिहिले होते. भाग 'आय', म्हणजे पर्यावरण सुधारण्यासाठी इतर काही, यात एकच ओळ: हरितपट्टा विकसित केला.

ते आकडे मी वहीच्या एका पानावर मराठीत उतरवून तात्यांना नेऊन दिले. त्यांनी ते नातवाकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारले, "हा कागद दरसाल निघतो?" मी हो म्हटले. "मग चावडीवर का लागत नाही?"

यंदाचा ३० सप्टेंबर होऊन गेला आहे. नवे विवरण दाखल झाले असेल. ग्रामपंचायतीच्या फलकावर ते लावायला एक प्रत, चार टाचण्या आणि मंडळाचे एक परिपत्रक पुरेल.