वोलादोरांचे नृत्य आणि प्रवाशाची दृष्टी

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याकडील वेराक्रूझ राज्यात पापांत्ला नावाचे गाव आहे. व्हॅनिलाच्या शेंगांसाठी ते जसे प्रसिद्ध आहे, तसेच ‘वोलादोर’, म्हणजे उडणारे, यांच्या नृत्यासाठीही. उंच खांबावर पाच जण चढतात. त्यांतील चौघे कमरेला दोर बांधून, डोके खाली करून, स्वतःस अवकाशात झोकून देतात. आणि खांबाभोवती गुंडाळलेले दोर उलगडत जातील तसतशी विस्तारत जाणारी वर्तुळे घेत भूमीवर उतरतात. २००९ साली युनेस्कोने या विधीचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. त्याच्या अगोदरही प्रवासी लोक त्याविषयी लिहीतच होते. ही वर्णने चाळली तर बहुतेक सर्व एकाच ठिकाणी सुरू होतात आणि एकाच ठिकाणी संपतात. चौघांनी उडी घेतली, लेखकाचा श्वास रोखला गेला, चौघांचे पाय जमिनीला लागले, टाळ्या झाल्या. मला असे वाटते की हे वर्णन नृत्याचे नसून नृत्याच्या उपसंहाराचे आहे. नृत्य त्यापूर्वीच होऊन गेलेले असते, आणि ते करणारा उडणाऱ्या चौघांपैकी नसतोच.

तो पाचवा. त्यास कापोराल म्हणतात. खांबाच्या अगदी टोकावर, पालथ्या उखळासारखा दिसणारा एक फिरता लाकडी ठोकळा बसवलेला असतो. त्यावर माणसाची दोन पावले जेमतेम मावतात. त्याच्या खाली टांगलेल्या चौकटीवर चौघे बसून राहतात आणि कापोराल त्या ठोकळ्यावर उभा राहतो. त्याच्या एका हातात वेताची लहान बासरी असते. त्याच हाताला एक चिमुकला ढोल लटकत असतो व दुसऱ्या हातातील काडीने तो वाजवायचा असतो. आधाराला धरावयास हात उरतच नाही. खाली जाळेही नसते. अशा स्थितीत तो पूर्वेकडे तोंड करून वाजवू लागतो, मग एकेका दिशेकडे वळतो, पाय आपटून ठेका धरतो आणि शेवटी कमरेतून मागे वाकून तोंड थेट आकाशाकडे करतो. सूर्याला, चार वाऱ्यांना, चार दिशांना उद्देशून वेगवेगळ्या धुना आहेत. धुना साध्या, आखूड, पुन्हा पुन्हा येणाऱ्या. खालून त्या अर्ध्यामुर्ध्याच ऐकू येतात.

या ‘अर्ध्यामुर्ध्या’तच सगळे मर्म आहे, असे मी म्हणेन. ही गोष्ट आम्हांला उद्देशून चाललेलीच नाही. प्रेक्षकांकडे पाठ किंवा तोंड करण्याचा प्रश्न कापोरालपुढे उभाच राहत नाही. तो दिशांकडे तोंड करतो, आणि त्यांपैकी एखाद्या दिशेला योगायोगाने आपण उभे असतो.

उडीच्याही अगोदरचा भाग तर प्रवाशाच्या वाट्याला बहुधा येतच नाही. परंपरेप्रमाणे खांब म्हणजे अरण्यातून नुकतेच तोडून आणलेले झाड. अठरापासून चाळीस मीटरांपर्यंत उंचीचे. ते तोडण्यापूर्वी डोंगराच्या देवाची क्षमा मागावयाची, झाडाभोवती नाचावयाचे, मग ते माणसांनी ओढून गावात आणावयाचे. खांब रोवण्याच्या खड्ड्यात मद्य, अन्न व कोंबडी अर्पण करावयाची. उडणाऱ्यांनी आधी काही दिवस व्रतस्थ राहावयाचे. अशी कथा सांगतात की एकदा फार मोठे अवर्षण पडले असता पाऊस मागण्यासाठी हा विधी सुरू झाला. टोटोनाक लोकांप्रमाणेच नाहुआ, ओतोमी आणि तेनेक लोकांतही तो आहे, आणि मेक्सिकोच्या सीमेपलीकडे ग्वाटेमालातील माया लोकांतही.

कोरड्या गणिताची आवड असणाऱ्यांसाठी तेही येथे आहे. क्लाविहेरो या जेझुइट इतिहासकाराने अठराव्या शतकात लिहून ठेवले आहे की प्रत्येक उडणारा तेरा फेरे घेतो, चौघांचे मिळून बावन्न होतात, आणि बावन्न वर्षांचे एक चक्र हा प्राचीन मेक्सिकोच्या कालगणनेचा पाया होता. वाटाडे हे आकडे फार आवडीने सांगतात आणि ऐकणारे खाली उभे राहून फेरे मोजू लागतात. वास्तविक फेऱ्यांची संख्या खांबाच्या उंचीवर आणि दोर किती वेढे गुंडाळला यावर अवलंबून असते. मोजण्यात गुंतलेला माणूस बासरी ऐकत नाही, ही माझी तक्रार आहे.

सरकारी कामानिमित्त एका शिष्टमंडळाच्या कागदपत्रांची पेटी सांभाळत मला मेक्सिको शहरात आठ दिवस राहण्याचा योग आला. पापांत्लाला जाणे शक्य नव्हते. परंतु चापुल्तेपेकच्या उद्यानात १९६४ साली उघडलेले राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालय आहे व त्याच्या समोरच वोलादोरांचा एक खांब उभा आहे. हा खांब पोलादी आहे. त्याने कोणाची क्षमा मागावी? झाड नाही, खड्डा नाही, कोंबडी नाही. जवळच मक्याची कणसे भाजून विकणारे आणि उड्डाण संपण्यापूर्वीच फिरू लागणारी टोपी. आमच्यापैकी एका विद्वान सद्गृहस्थांनी तेथल्या तेथे निकाल दिला की हे सर्व पर्यटकांसाठी मांडलेले आहे, खरे नृत्य आता नष्ट झाले.

हा निकाल मला मान्य नाही. त्यात विनय कमी आणि अहंकार जास्त आहे. कारण ‘आमच्यासाठी मांडलेले’ असे म्हणणारा मनुष्य स्वतःला त्या नृत्याचे प्रयोजन समजत असतो. पोलादी खांब आला तो प्रामुख्याने तितकी उंच झाडे उरली नाहीत म्हणून. पापांत्लाच्या चर्चसमोरील खांबही धातूचाच आहे, आणि कॉर्पस क्रिस्तीच्या उत्सवात तेथे उडणाऱ्यांना कोणी नकली म्हणत नाही. टोपी फिरते ती त्यांना पोट आहे म्हणून. प्रश्न विचारावयाचा तो असा: झाड गेले, खड्डा गेला, तरी कापोराल दिशांना वळतो काय? मी पाहिले तेव्हा तो वळला. खाली एक शाळेची सहल गोंगाट करीत होती, अर्धे लोक दुसरीकडेच पाहत होते. त्याने एकही दिशा गाळली नाही, एकही धून तोडली नाही, आणि घाईही केली नाही. विधीचा किती अंश उरला आहे याचे माप मी येथे घेईन, लाकडात किंवा पोलादात नव्हे.

याच्या उलट अनुभव दोनच दिवसांनी आला. बेयास आर्तेस या संगमरवरी नाट्यगृहात ‘बाले फोल्क्लोरिको’चा प्रयोग पाहिला. आमालिया एर्नान्देस या नृत्यरचनाकार बाईंनी १९५२ साली स्थापन केलेली ही संस्था जगप्रसिद्ध आहे आणि तिची शिस्त, रंगयोजना, वेग यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तिच्या कार्यक्रमातील ‘हरिणनृत्य’ हे सोनोराकडील याकी लोकांच्या विधीवरून घेतलेले आहे. मुळात ते रात्रभर चालते. नर्तकाच्या मस्तकावर हरिणाचे मुंडके, हातांत भोपळ्याचे खुळखुळे, पायांना कोशांच्या माळा. बाजूला गायक याकी भाषेत हरिणाची गाणी म्हणत असतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या अर्ध्या भोपळ्यावर ताल धरलेला असतो. रंगमंचावर काही मिनिटांत शिकारी येतात, बाण सुटतो, हरीण तडफडून मरते. नर्तक विलक्षण होता. त्याच्या मानेची एकेक हालचाल आठवते. पण तो मरत होता तो आमच्यासाठी. प्रत्येक तडफड प्रेक्षागृहाच्या दिशेने होती. येथे खरोखरच सर्व काही आमच्याकडे तोंड करून मांडलेले होते, आणि नवल असे की आमचे विद्वान सद्गृहस्थ येथे मात्र प्रसन्न झाले, आणि हेच ‘अस्सल’ असे म्हणाले.

इंग्रज कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स याचे ‘मॉर्निंग्ज इन मेक्सिको’ हे १९२७ सालचे पुस्तक अशा वेळी आठवणे साहजिक आहे. मात्र त्यातील नृत्यांवरील लेख मेक्सिकोतील नसून अमेरिकेच्या न्यू मेक्सिको व ॲरिझोना या राज्यांतील आदिवासींविषयी आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लॉरेन्सचा मुद्दा असा की या नृत्यांत प्रेक्षक आणि नट असा भेदच नसतो. येथवर तो अचूक आहे. परंतु पुढे तो असेही म्हणतो की त्यांची जाणीव आणि आपली जाणीव यांच्यामध्ये पूल बांधता येणार नाही, आणि तेथे माझी त्याच्याशी फारकत होते. शेजारच्या घरी सत्यनारायणाची पोथी चालली असता जिन्यावरून जाताना ती कानी पडते. ती आपल्यासाठी वाचली जात नाही म्हणून आपणांस कळत नाही असे थोडेच आहे? परप्रांतात बदल्यांवर आयुष्य काढणाऱ्या आपणां लोकांना तर हे सांगावयास नको. छठला यमुनेच्या काठी, दुर्गापूजेला कलकत्त्याच्या गल्लीत, आपण असेच बाजूला उभे राहून ऐकत आलो आहोत.

अडचण होते ती दुसऱ्याच सवयीची. उंच खांब पाहताच मराठी मनुष्यास मल्लखांब आठवतो, आणि साताऱ्याकडील असेल तर बावधनचे बगाड. बगाडाची आठवण काहीशी उपयोगी पडते, कारण तेही देवाला उद्देशून आहे. मल्लखांबाची मात्र घात करते. तेथे कसब अवघडपणात असते, पकड जितकी दुर्घट तितकी दाद मोठी. वोलादोर हवेत काहीच करून दाखवीत नाहीत. हात पसरून, उलटे, निवांत लोंबत ते फिरत राहतात. दाद मागण्याची त्यांची धडपडच नसते, आणि कसरत पाहावयास आलेला प्रेक्षक म्हणूनच थोडासा हिरमुसतो. अधिकारीवर्गाची आणखी एक सवय आहे, राखीव खुर्चीची. प्रजासत्ताकदिनाच्या आगेमागे दिल्लीत लोकनृत्यांचे कार्यक्रम होतात, तेव्हा प्रत्येक पथक पहिल्या रांगेकडे पाहून नाचते आणि पहिली रांग ते आपले देणे समजून स्वीकारते. वोलादोरांच्या खांबाला पहिली रांग नाही. तो वर्तुळाच्या मध्यभागी उभा असतो. कोठेही उभे राहा, मान तेवढीच दुखते.

एल ताहिनच्या प्राचीन अवशेषांजवळ टोटोनाकांचे एक कलाकेंद्र आहे. २०१२ साली युनेस्कोने त्याच्या कार्याची वारसाजतनाचे अनुकरणीय उदाहरण म्हणून नोंद केली. तेथे लहान मुलांना उड्डाण शिकवितात. प्रवाशाने तेथे जावे आणि जमल्यास उड्डाण संपल्यावरही थोडे थांबावे. चौघे जमिनीवर पोचल्यावर कापोराल वरच असतो. शेवटी तो एका दोरावरून घसरत एकटाच खाली येतो. चापुल्तेपेकला त्या वेळी टाळ्या वाजवून झाल्या होत्या आणि मंडळी कणसांच्या गाड्यांकडे वळली होती. त्याने बासरी सदऱ्यात खोवली, ढोल काखेला मारला आणि तो पुढच्या खेपेसाठी दोर तपासू लागला.