रेघा आहेत, प्रवासी नाहीत

विमानमार्गांचे जुने नकाशे आज संग्राहक हौसेने जमवतात, आणि त्यांची ती हौस रास्तच आहे. ल्यूसियाँ बूशे यांनी एअर फ्रान्ससाठी केलेले पृथ्वीचे नकाशे देशोदेशीच्या प्राण्यांनी, वास्तूंनी, माणसांनी इतके गजबजलेले असतात की मार्गाची रेघ शोधावी लागते. याच्या अगदी उलट तऱ्हा मोहोली-नॉज यांची. १९३६ मध्ये इम्पीरियल एअरवेजसाठी नकाशा करताना त्यांनी हॅरी बेक यांच्या लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाची पद्धत उचलली आणि ती थेट खंडांवर पसरली. डोंगर, वाळवंटं गळून पडली. उरल्या सरळ रेघा आणि त्यांवरचे थांबे. कला म्हणून दोन्ही कामं मला पहिल्या प्रतीची वाटतात.

पण वाहतुकीचा नकाशा म्हणून? इथे माझी तक्रार आहे. १९२९ मध्ये सुरू झालेली लंडन–कराची सेवा घ्या. प्रवासी विमानाने बासेलला जायचा, तिथून आगगाडीने जिनोआला, पुढे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रियाला, पुन्हा गाडीने कैरोला आणि तिथून विमानाने कराचीला. सगळं धरून आठवडा. ‘लंडन–कराची’ अशी एक रेघ ओढली की ही सारी चढउतार तिच्याखाली गडप होते. १९३२ मध्ये इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाऊ दिलं नाही, तेव्हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूला सरकला आणि शारजाला मुक्काम आला. नकाशावर बोटभर हललेली रेघ. तिच्यामागे एका देशाचा ठाम नकार.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. आपल्या विमानसेवेच्या इतिहासातली ही मानाची रेघ. पण ती टपालाची होती, प्रवाशांची नव्हे. दोन्हींची रेघ सारखीच काढली, तर पाहणाऱ्याला हा फरक कळणार कसा?

याचं उत्तर विमानं उडण्याच्या कितीतरी आधी मिळालं होतं. आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी हेन्री हार्नेस यांनी १८३७ मध्ये प्रवाशांच्या संख्येनुसार जाड-बारीक पट्टे काढले. शार्ल मिनार यांनी १८४५ मध्ये दिजाँ–म्युलूझ या टापूतल्या रस्त्यांवरच्या प्रवाशांचा असाच नकाशा केला, कारण लोहमार्ग कुठून न्यावा हा वाद तेव्हा पेटला होता. पुढे त्यांनी युरोपात येणाऱ्या कापसाचे नकाशे केले. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर तिकडचा पट्टा रोडावतो आणि हिंदुस्थानातून निघालेला फुगत जातो. मुंबईच्या कापसाच्या त्या तेजीचं इतकं बोलकं चित्र दुसरं मी पाहिलेलं नाही. पट्टा मावेना, तर मिनार यांनी जिब्राल्टरची सामुद्रधुनी बेधडक रुंद केली. भूगोल वाकला तरी चालेल, आकडा वाकता कामा नये, ही त्यांची शिस्त.

विमान कंपन्यांनी ही शिस्त कधी अंगीकारली नाही. त्यांना जाळं किती पसरलं हे दाखवायचं होतं, किती भरलं हे नव्हे. आजही बहुतेक नकाशांत एका शहरातून पंख्यासारख्या कमानी निघतात. आठवड्यातून एकदा जाणारं विमान आणि तासातासाला जाणारं, दोन्हींची कमान तेवढीच. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन शहरांमधल्या कमानीला हे साडेतीन तास दाखवता येत नाहीत.

संगणकाने मदत केली, पण अर्धीच. एरन कोब्लिन यांचं २००५ चं ‘फ्लाइट पॅटर्न्स’ अमेरिकेवरच्या विमानांच्या हालचालींतूनच देशाचा आकार उभा करतं, आणि ते पाहताना खरोखर थरारायला होतं. त्यानंतर काळ्या पार्श्वभूमीवर चमकत्या रेघांचं पीकच आलं. त्यांतही मोजली जातात विमानं, आत बसलेली माणसं नाहीत.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय कुठल्या दोन शहरांदरम्यान किती प्रवासी गेले याचे आकडे नियमित प्रसिद्ध करतं. जाडीचे पट्टे काढायला तेवढे पुरेत, आणि कुणी मराठी चित्रकाराने ते काढावेत अशी माझी फार इच्छा आहे. खरी कसोटी त्यापुढे लागेल. मुंबईहून दुबईत विमान बदलून न्यूयॉर्कला जाणारी बाई या आकड्यांत दुबईची प्रवासी ठरते आणि दुबईत कामाला राहणारा रत्नागिरीचा माणूसही त्याच पट्ट्यात मोजला जातो. या दोघांना वेगळं दाखवायचं, तर तिकिटावरचं पहिलं आणि शेवटचं गाव हाती लागायला हवं, आणि ती माहिती विमान कंपन्यांच्या ताब्यात आहे.